तेविसांची पंगत

आमच्या शाळेचा पट चोवीस मुलांचा. रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला आमची वाडी, आणि वाडीच्या टोकाला ही दोन खोल्यांची शाळा. मी तिथे पोषण आहार शिजवते. खिचडी, आमटी-भात, मटकीची उसळ, वेळापत्रकात जे असेल ते. चौदा वर्षं हे काम करतेय आणि चौदा वर्षांत माझा एक नियम मी मोडू दिलेला नाही, तो म्हणजे पंगतीतल्या सगळ्या रांगा सारख्या हव्यात. एकीत सहा आणि दुसरीत पाच, हे मला चालत नाही. लोक याला माझा हेका म्हणतात. असेल हेका. पण रांगा लहानमोठ्या झाल्या की आखूड रांगेतली मुलं आधी जेवून उठतात, लांब रांगेतली मग अर्धं टाकून त्यांच्यामागे पळतात, आणि ताटात टाकलेलं अन्न बघून माझा पारा चढतो. चोवीस मुलं आली की मी खुशीत असायची. सहा-सहाच्या चार रांगा, आठ-आठच्या तीन, नाहीतर सगळ्यांनाच भिंतीला टेकायचं असेल तर बारा-बाराच्या दोन.

तेवीस आली की मात्र डोकं फिरायचं. एका पोराला ताप आला, एवढंच काय ते झालेलं असायचं, पण पंगत काही केल्या बसायची नाही. दोन रांगा केल्या तर एक उरतो, तीन केल्या तर दोन उरतात, चार केल्या तर तीन. एकोणिसाचं तेच. सतराचंही तेच, शिमग्यात पालखी वाडीत फिरायची तेव्हा हमखास सतराच मुलं शाळेत यायची. सकाळी बाईंना हजेरी विचारायची आणि तेवीस ऐकलं की मी म्हणायची, आज मोडकी पंगत. मग सगळ्यांना शाळेच्या पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच लांबलचक रांगेत बसवायची आणि वाढता वाढता माझी कंबर मोडायची.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात हुशारी माझी कमी आणि या पंगतीची जास्त.

मी दहावी नापास होते. माझं माहेर राजापूर तालुक्यात, नाट्याला. बाप मासेमारीवर, आई मासे विकणारी, आणि मी त्या घरातली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. मार्चात गणितात गेले. ऑक्टोबरात परत बसले, परत गणितात गेले. त्यानंतर स्थळ आलं. मुलगा बोटीवर, घरची भातशेती, चार हापूसची कलमं. बैठकीत मामा म्हणाला, “पोरीची धावी झालीय.” झालीय म्हणाला, पास झालीय असं म्हणाला नाही. तेवढ्या एका शब्दाच्या आडोशाला मी सव्वीस वर्षं उभी होते. नवऱ्याला लग्नानंतर महिनाभरात सांगून टाकलं. तो हसला आणि म्हणाला, आईला मात्र सांगू नकोस, ती वाडीभर माझी सून दहावी पास आहे असं सांगत फिरते. मग तो बोटीवर निघून गेला, आणि ते न सांगणं माझ्या एकटीच्या पदरात राहिलं.

गणिताशी माझा छत्तीसचा आकडा पडला तो पाचवीत. गुरुजींनी विचारलं, मूळ संख्या कुठल्या आणि संयुक्त संख्या कुठल्या? आदल्याच तासाला मराठीत जोडाक्षरं झाली होती. जोडाक्षर म्हणजेच संयुक्त अक्षर, दोन अक्षरं एकमेकांना जोडलेली. मी उभी राहिले आणि छाती पुढे काढून सांगितलं की एक ते नऊ या मूळ संख्या आणि दहापासून पुढच्या संयुक्त, कारण त्यांत दोन आकडे जोडलेले असतात. वर्गात हशा पिकला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, बस खाली, जोडाक्षर. ते नाव मला शाळा सुटेपर्यंत चिकटलं. माझं उत्तर चूक होतं हे मला तेव्हाच कळलं. का चूक होतं ते मात्र कोणी सांगितलं नाही, आणि मी पुन्हा कधी विचारायला उठले नाही. मला अजूनही वाटतं की ती चूक बरीच शहाणी होती.

आता मुलगी पुण्याला नर्सिंगला आहे. प्रवेशाचा फॉर्म ती माझ्यासमोर बसून भरत होती. ‘आईचे शिक्षण’ असा रकाना आला. तिने मला विचारलंसुद्धा नाही, सरळ ‘दहावी उत्तीर्ण’ लिहिलं आणि पुढे गेली. मी शेजारी बसून चवळीच्या शेंगा मोडत होते. मी मोडतच राहिले. सासूपासून लपवणं एक वेळ ठीक, पण माझ्यामुळे माझी मुलगी कागदावर खोटं लिहीत होती, तेही अगदी विश्वासाने. त्या दिवशी मला माझीच शिसारी आली. मी ठरवलं की तो रकाना खरा करायचा.

शाळेतल्या बाई घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांना सांगितलं तर त्यांनी ना भुवई उडवली ना उपदेश केला. दुसऱ्याच दिवशी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आल्या. इतक्या वर्षांत अभ्यासक्रम पार बदललेला, म्हणून सगळेच विषय नव्याने द्यायचे होते. बाकीच्यांची मला भीती नव्हती. इतिहास म्हणजे गोष्टी, विज्ञान निम्मं स्वयंपाकघरातलं. खरा सामना गणिताशी होता. शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास बाई मला शिकवायच्या. घरी मी सांगायची, बचत गटाची मीटिंग आहे. सासूबाई म्हणायच्या, गटाच्या मीटिंगी फार वाढल्या हो.

संभाव्यतेच्या धड्यात ती जुनी वैरीण पुन्हा पुढ्यात आली. खोक्यात चिठ्ठ्या आहेत, एक काढली, तिच्यावर मूळ संख्या असण्याची शक्यता किती? बाईंनी विचारलं, मूळ संख्या म्हणजे काय ते ठाऊक आहे ना, काकी? मी पुन्हा तेच जोडाक्षराचं उत्तर दिलं. बघू तरी, यावर या काय म्हणतात. बाई हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या की उत्तर चुकलं, पण त्यात दोष तुमच्यापेक्षा नावाचा जास्त आहे. तेवढ्यानेच माझा निम्मा राग गेला.

मग त्यांनी व्याख्या सांगितली. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात ती मूळ, दोनाहून जास्त असतील ती संयुक्त. मी पाठ केली, घडाघडा म्हणून दाखवली, आणि पंधरा ही मूळ संख्या आहे असं लिहून मोकळी झाले. का, तर ती विषम आहे. बाईंनी परत समजावलं. मी नऊ लिहिलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! आठवडाभर असंच चाललं. बाईंच्या तोंडावर कंटाळा दिसला नाही, पण मला माझाच कंटाळा आला. एका संध्याकाळी मी मनाशी म्हटलं, जोडाक्षर ते जोडाक्षरच राहणार, फॉर्म मागे घ्यावा हे बरं.

दुसऱ्या दिवशी हजेरी तेवीस लागली. पाचवीतली एक मुलगी आईबरोबर चिपळूणला गेली होती. मी कपाळाला हात लावला, खिचडीचं पातेलं उतरवलं आणि मुलांना बसवायला लागले. दोन रांगा केल्या, एक पोरगा उरला. तीन केल्या, दोन उरले. मुलं आता मजेने नाचायला लागली, कारण मी चिडले की त्यांना गंमत वाटते. मी ओरडले की ही तेविसांची पंगत एका लांब रांगेशिवाय बसायचीच नाही मेली. आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

एका रांगेशिवाय बसायची नाही. तेवीस एके तेवीस, बाकी कुठल्याच पाढ्यात नाही. दोनच विभाजक म्हणजे हेच की! चोवीस दोघांच्या, तिघांच्या, चौघांच्या, सहांच्या, आठांच्या, बारांच्या रांगांत बसतात, म्हणून संयुक्त. एकवीस सात-सातच्या तीन रांगांत बसतात, म्हणून विषम असले तरी संयुक्तच. पंधरा पाच-पाचच्या तीन रांगांत! आणि तेवीस, एकोणीस, सतरा, चौदा वर्षं मी ज्यांना शिव्या घातल्या ते सगळे आकडे मूळ. माझ्या मोडक्या पंगती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मी तशीच धावले. हातात डाव, डावातून खिचडी गळतेय, मागे तेवीस मुलं ताटं घेऊन ताटकळलेली. बाई ऑफिसच्या खोलीत डबा उघडत होत्या. मी त्यांना सांगायला सुरुवात केली आणि काय सांगत सुटले ते मलाच आठवत नाही. सतरा म्हटलं, पालखी म्हटलं, मोडकी पंगत म्हटलं. बाईंनी आधी माझ्या हातातला डाव काढून घेतला. मग शांतपणे विचारलं, “सव्वीस मुलं आली तर?”

“तेरा-तेराच्या दोन.”

“एकोणतीस?”

मी दोन, तीन, पाच मनातल्या मनात बसवून बघितलं. “एकच रांग. कंबर मोडणार माझी.”

बाई टेबलावर डोकं टेकवून हसल्या, आणि या वेळी मीही हसले. मग मुलांची आठवण झाली. त्या दिवशी मी तेवीस मुलांना एका रांगेत बसवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत गेले. कंबर दुखली नाही म्हणणं खोटं ठरेल, पण मला तिचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी मी तयारीने गेले. मी विचारलं की तेवीस मुलांच्या एकेकाच्या तेवीस रांगा केल्या तर? आणि स्वतःच उत्तर दिलं की एकटं मूल म्हणजे रांग नव्हे, ती शिक्षा. बाईंना ते पटलं. मग त्यांनी चोवीस घेतले आणि फोडत नेले. चोवीस म्हणजे दोन बारा, बारा म्हणजे दोन सहा, सहा म्हणजे दोन आणि तीन. शेवटी हातात राहिले दोन, दोन, दोन आणि तीन. त्यांना पुढे फोडताच येईना. कुठलीही संयुक्त संख्या घ्या, फोडत गेलं की तळाला मूळच सापडतात. मी दोनशे दहा घेऊन बघितले. दोन, तीन, पाच, सात! जसं आमच्या चार घरांच्या भावकीत कुठूनही मागे गेलं की शेवटी एका मूळपुरुषापाशी येऊन थांबतं. म्हणून मूळ. म्हणजे नावात सगळं होतं की हो, आणि पाचवीत मला कोणी एवढंसुद्धा सांगू नये? मला गुरुजींचा नव्याने राग आला आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटलं.

त्यानंतर मला वेडच लागलं. एसटीचा नंबर दिसला की फोडायची. देवळाच्या पायऱ्या एकेचाळीस. दर सोमवारी चढत होते आणि त्या मूळ आहेत हे मला ठाऊक नव्हतं. गणपतीला एकवीस मोदक करतो ते संयुक्त, पण अकरा केले तर मूळ. एक्क्याण्णवने मला दोन दिवस फसवलं. चेहरा अगदी मूळ संख्येचा, आणि निघाले तेरा साते एक्क्याण्णव. एवढी मोठी झाले, पण माझ्या मालकीचं असं काही सापडल्याचा आनंद मला पहिल्यांदाच होत होता.

एकच घोडं अडलं होतं, ते एकाचं. बाई म्हणायच्या, एक ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही. मी म्हणायची, एकटं मूल एका जागी बसतंच की, त्याची दुसरी पंगत काही होत नाही, मग मूळच. बाई म्हणायच्या, मूळ संख्येला दोन विभाजक लागतात, एकाला एकच आहे. मी मान डोलवायची आणि पुढच्या गणितात पुन्हा एकाला मूळ धरून उत्तर चुकवायची. दर वेळी तोच लाल शेरा. बाईंनी बजावलं, काकी, परीक्षेत अशा गणितात एक हमखास घालतात, तिथेच मार्क जातात.

आणि मग ते दूधवाल्याचं प्रकरण झालं.

डिसेंबर होता. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर. सकाळी चहा उकळत असताना माझा हात शिवशिवला. पेन घेऊन मी दोनच्या पाढ्यातले आकडे खोडायला लागले, दोन सोडून. मग तीनचे, तीन सोडून. मग पाचचे. चहा उतू गेला तरी भान नाही. पाढे संपले तेव्हा न खोडलेल्या तारखा राहिल्या दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस. आणि एक, कारण त्याचं काय करायचं ते ठरत नव्हतं. मी खुश होऊन शाळेत निघून गेले.

आमच्या घरात कॅलेंडरवर फुली मारायची ती एकाच गोष्टीसाठी, दूध आलं नाही की. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण आकडे त्यांना वाचता येतात आणि पाढे तर तीसपर्यंत पाठ आहेत. लहानपणी त्यांचे भाऊ संध्याकाळी पडवीत पाढे म्हणायचे, या आत तांदूळ निवडत ऐकायच्या. त्यांनी फुल्या मोजल्या. एकोणीस! दूधवाले भाऊ पलीकडच्या वाडीतले साधे गृहस्थ, पावसात-वाऱ्यात एक दिवस न चुकणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्यांना दारातच धरलं. महिना सरायचा आहे आणि एकोणीस खाडे, आणि पुढच्या तारखांचे खाडे आधीच? भाऊ ग्रामदेवतेची शपथ घेऊन सांगत होते की मी रोज येतो. सासूबाई म्हणत होत्या, भिंतीवर लिहिलंय ते काय खोटं? भाऊंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी आतून हे ऐकत होते. आणखी एक माणूस माझ्या खोटेपणापायी खोटा ठरत होता. मी बाहेर आले, भाऊंचे पाय धरण्याएवढी माफी मागितली, फुल्या माझ्या आहेत असं सांगितलं आणि त्यांना वाटेला लावलं.

मग स्वयंपाकघरात सासूबाई आणि मी, दोघीच. सव्वीस वर्षांचं ओझं मी एका दमात खाली टाकलं. आई, बचत गटाच्या मीटिंगा खोट्या, मी बाईंकडे अभ्यासाला जाते. आई, मी दहावी नापास आहे.

सासूबाई कॅलेंडरकडेच बघत होत्या. “माला ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मामानं धावी झाली म्हटलान. पास झाली म्हटलान नाय. माझे कान तवा बरे व्हते.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तू बोलतंस काय, ता बघत व्हते.”

मी तिथेच चुलीपाशी बसून रडले. लाज होती, पण तिच्याहून जास्त मोकळं वाटत होतं. त्यांनी मला रडू दिलं. मग पदराने स्वतःचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, आता या फुल्या कसल्या त्या सांग.

मी पंगत सांगितली. त्यांनी पाढे लावले. मी आकडा म्हणायची, त्या डोळे मिटून पाढ्यांतून शोधून यायच्या आणि सांगायच्या, कुठे नाय गो ह्यो. सत्तावन्नला मी मूळ म्हटलं तर त्यांनी एकोणीस त्रिक सत्तावन्न म्हणून मला तोंडावर आपटलं. शेवटी त्यांचं बोट एक तारखेवर आलं. याला फुली का नाही? मी कबूल केलं की बाई म्हणतात तो ना मूळ ना संयुक्त, आणि ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

त्यांनी मला उठवलं आणि तांदळाच्या पिंपापाशी नेलं. शेराचं माप हातात घेतलं.

“मापताना मी पयल्या मापाला काय म्हनतंय?”

“लाभ.”

“एक म्हनतंय?”

नाही. कधीच नाही. आमच्याकडे भात असो की तांदूळ, मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ, दोन, तीन, चार, असं म्हणतात. हे मी जन्मापासून ऐकत आले होते.

“त्याच्यापासना मोजनी सुरू व्हते,” सासूबाई म्हणाल्या. “म्हनून त्याला बाकीच्यांच्या रांगत बसवायचा नाय. त्याचा मान येगळा.”

बाईंनी विभाजकांनी शिकवलेलं मला आता या मापाने कळलं. एक पंगतीत नसतोच. तो पंगत मांडणारा. तो लाभ. मी सासूबाईंना मिठी मारली आणि मापातले तांदूळ जमिनीवर सांडले. त्यावरून त्यांनी मला शिव्या घातल्या त्या मात्र नेहमीच्याच होत्या.

रात्री मुलीला फोन करून खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आई, पेपर कधी आहे? मी सुट्टी घेऊन येते.

परीक्षेचं केंद्र रत्नागिरीत होतं. मुलगी मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि तिथे लोकांना वाटलं की मी तिला सोडायला आलेय. वर्गात शेजारच्या बाकावरच्या पोरीने मला विचारलं, मॅडम, पेपर किती वाजता वाटणार? मी म्हटलं, बाळा, मलाही वाटतील तेव्हाच कळेल. पण गणिताचा पेपर हातात आला आणि माझी पाचावर धारण बसली. पहिली दोन पानं डोळ्यांपुढे पोहत होती. मला पुन्हा पाचवीतला वर्ग ऐकू यायला लागला. हातातलं पेन घामाने निसटत होतं, आणि मला स्पष्ट वाटलं की तिसऱ्यांदाही आपण इथूनच घरी जाणार.

मी पान उलटलं. खोक्यात एक ते वीस क्रमांकांची कार्डं आहेत. एक कार्ड काढलं. त्यावर मूळ संख्या असण्याची संभाव्यता काढा.

मी बोटांवर मोजायला लागले. पहिल्या बोटावर आले आणि तोंडातून मोठ्याने निघून गेलं, “लाभ.” सुपरवायझरांनी वळून बघितलं. मी मान खाली घातली, ते बोट तसंच सोडलं आणि पुढे गेले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. आठ. विसांत आठ, म्हणजे पाचांत दोन. लिहिलं, खाली रेघ मारली आणि माझा हात थांबला नाही. मग मागची दोन पानंही पोहायची थांबली. अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत मी लिहीत होते, आणि पेपर काढून घेतला तेव्हा मला राग आला.

निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात नेहमीप्रमाणे रेंज नव्हती. रेंज मिळते ती वर सड्यावर, पाण्याच्या टाकीपाशी. भर दुपारी, कातळ तापलेला असताना मी निघाले, तर मागून काठी टेकत सासूबाई. नको म्हटलं तर ऐकेनात. बाई सुट्टीला घाटावर गेल्या होत्या, माझा बैठक क्रमांक त्यांच्याकडे दिलेला. टाकीच्या सावलीत उभ्या राहिलो आणि फोन वाजला. बाई एवढ्या घाईत होत्या की माझं ‘हॅलो’ त्यांनी ऐकलंच नाही. पास, काकी, सगळ्यात पास, आणि गणितात एकावन्न!

मी ओरडले. सड्यावर ऐकायला एक गुरं राखणारा आणि त्याच्या म्हशी, बाकी कोणी नव्हतं. मी सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, आई, एकावन्न! मूळ संख्या!

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. “सतरा त्रिक एकावन्न,” त्या म्हणाल्या.

सतरा नंबरचा फॉर्म आणि तिसरी खेप. मला इतकं हसू आलं की मी त्या तापलेल्या कातळावर बसले आणि पुन्हा तितक्याच घाईने उठले. मुलीला फोन लावून सांगितलं की तू लिहिलेला रकाना आता खरा झाला. नवऱ्याची बोट कुठल्या समुद्रात होती कोण जाणे, त्याला निरोप पाठवून ठेवला.

घरी आल्यावर सासूबाईंनी हातपाय धुतले आणि खिरीसाठी तांदूळ काढायला बसल्या. मी चूल पेटवत होते. पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला, पण माप ओतल्याचा काही येईना. मी वळून बघितलं तर त्या काठोकाठ भरलेलं माप हातात धरून तशाच बसल्या होत्या.

“माझी सासू साळंत गेली नाय,” त्या म्हणाल्या. “मी गेले नाय. ह्या घरात आल्याल्या सुनांमधी धावी पास...”

त्यांनी माप परातीत ओतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “लाभ.”